एस्कुएला नुएवा

एस्कुएला नुएवा (अर्थ : नवी शाळा) ही कोलंबिया या दक्षिण अमेरिकी देशात १९७०च्या दशकाच्या मध्यास विकसित झालेली प्राथमिक शिक्षणाची पद्धती आहे. एकाच शिक्षकाला अनेक इयत्ता सांभाळाव्या लागतात अशा ग्रामीण बहुवर्ग शाळांसाठी ती तयार करण्यात आली. विद्यार्थ्याने स्वतःच्या गतीने शिकावे, आपल्या प्रगतीची नोंद स्वतः ठेवावी आणि शाळेच्या कारभारात भाग घ्यावा, ही तिची प्रमुख तत्त्वे होत. स्वयंअध्ययनाची कौशल्ये निवडक शाळांपुरती न ठेवता हजारो सरकारी शाळांत रुजविण्याचा प्रयत्न म्हणून या पद्धतीचा अभ्यास केला जातो.

पार्श्वभूमी

१९६०च्या दशकात युनेस्कोच्या साहाय्याने कोलंबियातील पाम्प्लोना येथे एकशिक्षकी शाळांचा प्रयोग सुरू झाला. त्या अनुभवाच्या आधारे समाजशास्त्रज्ञ विकी कोल्बर्ट, ग्रामीण शिक्षक ऑस्कर मोगोयोन आणि बेरिल लेव्हिंजर यांनी एस्कुएला नुएवाची रचना केली. दुर्गम भागातील अपुऱ्या शाळा, अनेक इयत्तांमध्ये विभागला जाणारा शिक्षकाचा वेळ आणि हंगामात शेतीकामामुळे होणारी मुलांची गैरहजेरी या अडचणी त्यांच्यासमोर होत्या. १९८०च्या दशकाच्या मध्यास सरकारने ही पद्धती ग्रामीण प्राथमिक शिक्षणाचे राष्ट्रीय धोरण म्हणून स्वीकारली. पुढे ती सुमारे २०,००० शाळांपर्यंत पोहोचली.

अध्यापनाचे स्वरूप

या पद्धतीत स्वयंअध्ययन हा वेगळा विषय नसतो. ते शाळेच्या रोजच्या व्यवहारातून शिकविले जाते. पाठ्यपुस्तकाऐवजी अध्ययन-मार्गदर्शिका वापरल्या जातात. प्रत्येक घटकात आधी मुलाचे पूर्वज्ञान जागविणाऱ्या मूलभूत कृती, नंतर सराव आणि शेवटी शिकलेल्याचा घरात व परिसरात उपयोग, असा क्रम असतो. सूचना मुलाला उद्देशून असल्याने गट स्वतः काम सुरू करू शकतो आणि शिक्षकाला जेथे अडले आहे तेथे लक्ष देता येते. वर्गात अध्ययन-कोपरे व छोटे ग्रंथालय असते. गावाचा नकाशा व शेतीचे वेळापत्रक यांचाही अध्यापनात उपयोग केला जातो.

विद्यार्थी मंत्रिमंडळ हा या पद्धतीचा महत्त्वाचा भाग आहे. मुले प्रतिनिधी निवडतात. ग्रंथालय, बाग, स्वच्छता अशा कामांसाठी समित्या नेमल्या जातात. शिक्षकांचे प्रशिक्षणही याच धर्तीवर होते : ते प्रात्यक्षिक शाळा पाहतात आणि परिसरातील शिक्षकांच्या छोट्या गटांत नियमित भेटून अडचणींवर चर्चा करतात.

मूल्यमापन

मुले आपली हजेरी स्वतः लावतात आणि पूर्ण झालेल्या घटकांची नोंद तक्त्यावर करतात. मार्गदर्शिकेतील ठरावीक टप्प्यांवर काम शिक्षकाला दाखवूनच पुढे जाता येते. अशा रीतीने येथे आकारिक मूल्यमापनावर भर असतो. वरच्या इयत्तेत जाणे वार्षिक परीक्षेवर नव्हे, तर घटक पूर्ण होण्यावर अवलंबून असते. यास लवचीक वर्गोन्नती म्हणतात. पिकाच्या काढणीसाठी काही आठवडे गैरहजर राहिलेले मूल नापास न होता जेथे थांबले तेथून पुढे शिकू लागते.

परिणाम

१९९३ साली प्रसिद्ध झालेल्या साकारोपुलोस व सहकाऱ्यांच्या अभ्यासात तिसरीच्या गणितात आणि तिसरी व पाचवीच्या स्पॅनिशमध्ये एस्कुएला नुएवाचे विद्यार्थी पारंपरिक ग्रामीण शाळांतील विद्यार्थ्यांपेक्षा पुढे आढळले. या अभ्यासात आत्मसन्मान आणि नागरी वर्तन यांचेही मापन केले होते. कोल्बर्ट यांना २०१३ साली वाइज पुरस्कार आणि २०१७ साली यिदान पुरस्कार मिळाला.

विस्तार आणि मर्यादा

विस्ताराबरोबर पद्धतीचे मूळ स्वरूप टिकविणे कठीण गेले. पॅट्रिक मॅक्युअन व लुईस बेनवेनिस्ते यांच्या संशोधनात अनेक नोंदणीकृत शाळांकडे मार्गदर्शिका, ग्रंथालय यांसारखे आवश्यक घटक पूर्णपणे नसल्याचे दिसून आले. शाळेला नवे नाव मिळाले तरी वर्गातील अध्यापन जुनेच राहू शकते, हा या अनुभवाचा निष्कर्ष होय. मुलांच्या नोंदी मुलासाठी असतात. त्या केवळ वरिष्ठांना दाखविण्याचे कागद झाल्यास त्यांचा हेतू नष्ट होतो.

ग्वातेमाला, ब्राझील आदी देशांत या पद्धतीची रूपांतरे झाली. व्हिएतनाममध्ये तिच्यावर आधारित प्रकल्प १,४४७ प्राथमिक शाळांत राबविण्यात आला. तेथे मोठ्या पटसंख्येचे वर्ग आणि पालकांचा विरोध यांमुळे तो वादग्रस्त ठरला आणि पुढे ऐच्छिक करण्यात आला.

भारतातील समांतर प्रयत्न

आंध्र प्रदेशातील ऋषी व्हॅली येथे बहुवर्ग ग्रामीण शाळांसाठी 'अध्ययन-शिडी'ची पद्धती स्वतंत्रपणे विकसित झाली. तीत मूल चिन्हांच्या साहाय्याने आपले पुढचे कार्ड स्वतः शोधते. या पद्धतीच्या प्रेरणेने २००३ पासून चेन्नई महापालिकेच्या शाळांत आणि नंतर तमिळनाडूतील सरकारी प्राथमिक शाळांत कृतियुक्त अध्ययन सुरू झाले. महाराष्ट्रातही जिल्हा परिषदेच्या अनेक शाळा द्विशिक्षकी असल्याने बहुवर्ग अध्यापनाचा प्रश्न येथे नवा नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मधील समग्र प्रगतिपत्रकात स्वयंमूल्यमापन व सहाध्यायी मूल्यमापन यांचा समावेश आहे. त्यामुळे मुलाने स्वतःच्या प्रगतीची प्रामाणिक नोंद कशी ठेवावी, हा एस्कुएला नुएवाने हाताळलेला प्रश्न आता भारतीय शाळांपुढेही आहे.