थांबणे आणि थांबल्याची खूण: जुन्या स्पोर्ट्स कारच्या ब्रेकचा इतिहास

१/ मोटारीचा इतिहास बहुधा वेगाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. कोणते इंजिन किती अश्वशक्तीचे, कोणी कोणता विक्रम मोडला, याच्या याद्या अनेकांना तोंडपाठ असतात. पण ज्याच्या भरवशावर चालकाने वेग वाढवला, तो भाग चाकाच्या आत दडलेला असतो. आजचा धागा ब्रेकचा, आणि ब्रेकसोबत मागे उजळणाऱ्या त्या लहानशा तांबड्या दिव्याचा.

२/ ब्रेकची कामे दोन. गाडी थांबवणे हे पहिले. आपण थांबत आहोत हे मागच्याला कळवणे हे दुसरे. पहिल्या कामात अभियंत्यांनी १९५०च्या दशकात मोठी मजल मारली. दुसऱ्याकडे तितके लक्ष गेले नाही. या दोहोंतील अंतर किती महाग पडू शकते, ते पुढे पाहू.

३/ प्रारंभी मोटारीचा ब्रेक बैलगाडीच्या खुट्यापेक्षा फारसा निराळा नव्हता: फिरणाऱ्या चाकावर काहीतरी दाबून धरायचे. १९०२ साली इंग्लंडमधील फ्रेडरिक लँचेस्टर यांनी डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. कल्पना उत्तम होती, परंतु तिला साजेसे घर्षणद्रव्य तेव्हा उपलब्ध नव्हते. ती अर्धशतक जवळजवळ पडून राहिली आणि ड्रम ब्रेकने बाजी मारली.

४/ दुसरी क्रांती द्रवाची. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा पास्कलचा नियम. माल्कम लॉहेड यांनी तो ब्रेकसाठी वापरला आणि १९१७ साली पेटंट घेतले. १९२१च्या ड्यूसेनबर्ग मॉडेल ए या गाडीत चारही चाकांना असे हायड्रॉलिक ब्रेक आले. लॉहेड बंधूंनी पुढे आडनावाचे लेखन बदलून ‘लॉकहीड’ केले. विमानांमुळे जगाला ठाऊक झालेले नाव तेच.

५/ आता उष्णतेचा हिशेब. ब्रेक गाडीची गतिज ऊर्जा नष्ट करत नाही, तिची उष्णता करतो. समजा, १,००० किलोची गाडी ताशी २४० किलोमीटरवरून ५० वर आणायची आहे. या एका वेळच्या ब्रेकमधून निघणारी उष्णता सुमारे ७ लिटर पाणी ३० अंशांवरून उकळीला आणण्यास पुरेल. शर्यतीत हे प्रत्येक फेरीत अनेकदा घडते.

६/ ड्रम हा बंद डबा. तापला की प्रसरण पावतो आणि आतल्या ब्रेक शूपासून दूर सरकतो. वर लायनरची पकडही घसरते. चालक पेडल अधिकाधिक जोराने दाबतो आणि गाडी कमी कमी थांबते. खंडाळ्याचा घाट उतरताना अवजड ट्रकांच्या चाकांतून येणारा जळका वास ज्यांनी घेतला आहे, त्यांना हा प्रकार निराळा समजावून सांगायला नको.

७/ डिस्क मात्र उघड्या वाऱ्यात फिरते आणि दोन्ही बाजूंनी पॅड तिला चिमटीत धरतात. तापून ती जाड झालीच, तर पॅडच्या जवळ येते. जॅग्वार आणि डनलॉप यांनी सी-टाइप या शर्यतीच्या गाडीवर हे तंत्र सिद्धीस नेले. १९५२च्या मिले मिलिया शर्यतीत स्टर्लिंग मॉस आणि चाचणीचालक नॉर्मन ड्यूइस हीच गाडी घेऊन उतरले. गाडी शेवटपर्यंत पोहोचली नाही, पण त्याच वर्षी जूनमध्ये रँस येथे मॉस जिंकले.

८/ १९५३च्या ‘ल मान्स २४ तास’ शर्यतीत प्रश्न निकालात निघाला. डिस्क ब्रेकच्या जॅग्वार पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या आल्या. टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन या विजेत्या जोडीची सरासरी ताशी १०० मैलांच्या पुढे गेली. तेथे हे प्रथमच घडत होते. जॅग्वारचे चालक सरळ रस्त्याच्या टोकाला प्रतिस्पर्ध्यांपेक्षा उशिरा ब्रेक लावू शकत होते. उत्तम ब्रेक म्हणजे अधिक काळ वेगात राहण्याची मुभा.

९/ आता ११ जून १९५५. पुन्हा ल मान्स, सायंकाळचे सुमारे साडेसहा. माइक हॉथॉर्न यांची डी-टाइप जॅग्वार डिस्क ब्रेकची. मर्सिडीज ३०० एसएलआरला ड्रम, आणि त्यांच्या मदतीला चालकाच्या मागे उघडणारा वाऱ्याचा मोठा पडदा. हॉथॉर्न यांनी लान्स मॅक्लिन यांच्या ऑस्टिन-हीलीला मागे टाकले आणि पिटमध्ये जाण्यासाठी ब्रेक लावला.

१०/ मॅक्लिन यांनी ब्रेक लावला आणि गाडी डावीकडे वळली. मागून पियेर लेवेग यांची मर्सिडीज ताशी सुमारे २४० किलोमीटर वेगाने येत होती. या वेगाला गाडी सेकंदात सुमारे ६७ मीटर कापते. मर्सिडीज ऑस्टिनच्या मागच्या भागावर चढून उडाली आणि प्रेक्षकांच्या कडेला आदळून फुटली. लेवेग आणि ८०हून अधिक प्रेक्षक मृत्यू पावले. मोटार शर्यतींच्या इतिहासातील ही सर्वांत भीषण दुर्घटना.

११/ चौकशीत कोणाही एका चालकावर दोष ठेवला गेला नाही; अरुंद रस्ता आणि त्याला अगदी लागून असलेले पिट यांवर बोट ठेवले गेले. निष्कर्ष न्याय्य होता. तरी त्यात एक तांत्रिक धडा दडला आहे. पुढची गाडी पूर्वीपेक्षा कमी अंतरात थांबू शकते, तेव्हा मागच्याला मिळणारा अवधीही तितकाच आखडतो. थांबण्याची क्षमता वाढली की सूचनेची गरजही वाढते.

१२/ शर्यतीतले तंत्र लवकरच रस्त्यावर आले. १९५६मध्ये ट्रायम्फ टीआर३ला पुढे डिस्क मिळाल्या, १९५७मध्ये जॅग्वार एक्सके१५०ला चारही चाकांना. १९६१ची जॅग्वार ई-टाइप आणि १९६२ची एमजीबी याच वाटेने आल्या. या गाड्या आज साठी ओलांडून गेल्या आहेत आणि जगभरचे हौशी लोक त्या जिवापाड सांभाळतात. त्यांचे आजार पाहिले की त्या काळची विचारपद्धती उलगडते.

१३/ सर्वांत बोलका आजार ब्रेकच्या दिव्याचा. आजच्या गाडीत दिव्याचा स्विच बहुधा पेडलापाशी असतो. एमजीए, टीआर३, सुरुवातीच्या ई-टाइप यांत तो ब्रेकच्या नळीवर बसवलेला असे. पेडल दाबले की ब्रेक ऑइलचा दाब स्विचमधील पडदा ढकलतो, दोन टोके जुळतात आणि दिवा लागतो. म्हणजे हा दिवा चालकाचा हेतू सांगत नाही, नळीतला दाब सांगतो.

१४/ दिवा लागत नसेल तर शोध क्रमाने घ्यावा. आधी बल्ब, मग फ्यूज. ल्युकसच्या रंगसंकेतात हिरवी तार म्हणजे इग्निशननंतरचा, फ्यूजमधून आलेला प्रवाह. हिरव्यावर जांभळी रेघ असलेली तार स्विचपासून दिव्यांकडे जाते. काळी म्हणजे अर्थिंग. इग्निशन चालू करून स्विचवरच्या दोन तारा एकमेकींना जोडाव्यात. दिवे उजळले तर दोष स्विचचा. न उजळले तर तारेचा, किंवा मागच्या गंजलेल्या अर्थिंगचा.

१५/ पेडलावर सारा भार टाकल्यावरच दिवा लागतो, ही तक्रारही नेहमीची. दोन्ही दिव्यांचा प्रवाह थेट या लहान स्विचमधून जातो. वर्षानुवर्षांच्या ठिणग्यांनी त्याची टोके जळतात. म्हणून अनेक मालक मध्ये रिले बसवतात: स्विचने केवळ इशारा द्यायचा, भार रिलेने वाहायचा. मात्र पेडलही मऊ, स्पंजासारखे लागत असेल, तर प्रश्न विजेचा नसून नळीत शिरलेल्या हवेचा असण्याचा संभव अधिक.

१६/ याच्या उलट प्रकार अधिक धोक्याचा: पाय काढला तरी दिवा विझत नाही. घाईने स्विच बदलू नये. तो कदाचित खरेच सांगत असेल. पेडलाला मोकळी चाल उरली नसेल, तर मास्टर सिलिंडरमधील परतीचे सूक्ष्म छिद्र झाकलेले राहते आणि दाब आतच कोंडतो. ब्रेक घासत राहतात, ऑइल तापून फुगते, दाब आणखी वाढतो आणि अखेर चाके जाम होतात.

१७/ निदानाची रीत सुबक आहे. जाम झालेल्या चाकाचे ब्लीडिंग निपल किंचित सैल करावे. ऑइल जोराने बाहेर येऊन चाक मोकळे झाले, तर दाब कोंडलेला होता. मग शोध मागे न्यावा: आतून सुजलेला जुना रबरी होज, की मास्टर सिलिंडर? निपल सैल करूनही चाक फिरत नसेल, तर कॅलिपरमधील पिस्टनच गंजून अडकलेला आहे.

१८/ ऑइलचे वयही विसरू नये. ग्लायकॉलचे ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. डॉट ४ प्रतीचे ताजे ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओलावा मुरल्यावर हीच मर्यादा प्रमाणानुसार १५५वर येते. उकळले की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल तळाला जाते. वर्षभर छपराखाली उभी राहणारी, झळाळत्या रंगाची गाडी याच कारणाने पहिल्याच घाटात दगा देऊ शकते.

१९/ आता त्या काळच्या रचनेतील मूळ उणीव. त्या काळच्या बहुतेक गाड्यांत चारही चाकांना मिळून एकच मास्टर सिलिंडर, एकच मार्ग. (ई-टाइपला पुढच्या आणि मागच्या चाकांसाठी दोन स्वतंत्र सिलिंडर होते, हा तिचा मान.) एकेरी मार्गात एक नळी फुटली की चारही ब्रेक गेले. दाबच नाही म्हणून दिवाही गेला. चालक हँडब्रेक ओढून वेग कमी करतो, पण मागच्याला काहीच दिसत नाही. थांबणे आणि सांगणे, दोन्ही कामे एकाच धाग्याला टांगलेली!

२०/ कायदा सावकाश जागा झाला. १ जानेवारी १९६८पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींना दुहेरी मार्गाचे ब्रेक सक्तीचे झाले, आणि तेथे माल विकणाऱ्या ब्रिटिश कारखान्यांनाही आपल्या रचना बदलाव्या लागल्या. १९७४ साली मानसशास्त्रज्ञ जॉन वोवोडस्की यांनी सॅन फ्रान्सिस्कोतील टॅक्सींच्या मागे मधोमध जादा दिवा लावून पाहिला. मागून बसणाऱ्या धडका लक्षणीय घटल्या. १९८६च्या मॉडेलांपासून अमेरिकेत तिसरा दिवा मोटारींना अनिवार्य झाला.

२१/ लँचेस्टर यांच्या पेटंटपासून या तिसऱ्या दिव्यापर्यंत ८०हून अधिक वर्षे गेली. डिस्कच्या शोधाला गौरव लाभला, कारण तिने शर्यती जिंकून दिल्या. दिव्याने कोणतीही शर्यत जिंकली नाही. त्याच्यामुळे जे अपघात झालेच नाहीत, त्यांची नोंद कोणत्याही ग्रंथात नसते. तंत्रज्ञानाचा इतिहास वाचताना अशा न घडलेल्या घटनांसाठीही थोडी जागा राखून ठेवावी.

२२/ जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात आपण बॉनेटभोवती गर्दी करतो. पुढच्या वेळी गाडीच्या मागेही जा. मालकाला पेडल हलकेच दाबायला सांगा आणि पाहा: दोन्ही दिवे लगेच लागतात का, पाय काढताच विझतात का? गाडी किती निगुतीने राखली आहे, याचे उत्तर रंगापेक्षा तेथे अधिक खरे मिळेल. आणि ते उत्तर तिच्या मागून येणाऱ्या प्रत्येकाच्या जिवाशी संबंधित आहे.

(धागा समाप्त. आपल्या घरी किंवा परिसरात अशी जुनी गाडी असल्यास तिचा ब्रेकचा स्विच कोठे आहे, ते खाली अवश्य लिहा.)