कुरुंदाचे घराणे

वाघोली 2021 साली पुणे महापालिकेत आली. त्याआधी कित्येक वर्षे तिची ओळख होती ती दगडखाणींची आणि खडीची. इथला काळा पाषाण सह्याद्रीच्याच जातीचा, लाव्हा थिजून झालेला. अशाच पाषाणाचे पाटे-वरवंटे आणि जाती आपल्या घरोघरी होती. पाटा झिजून गुळगुळीत झाला की त्याला टाकी लावून पुन्हा खरबरीत करायचे, कारण त्या खरबरीतपणावरच वाटण होते.

वस्तऱ्याला मात्र हा दगड चालत नाही. त्यात निरनिराळ्या खनिजांचे लहानमोठे कण घट्ट गुंतलेले असतात आणि मधेमधे पोकळ्याही असतात. वस्तऱ्याला एकसारख्या, बारीक कणांचा दगड लागतो. एखादा मोठा कण मधे आला तरी पाजवलेली धार बिघडते. म्हणून दगडांच्या या देशातही नाभिकांच्या धोकटीतला दगड वेगळा, जपून ठेवलेला असे. दगडावर धार आली की वस्तरा चामोट्यावर फिरवायचा.

धार लावण्याच्या दगडाला संस्कृतात ‘शाण’ म्हणतात. आपली सहाण त्यातूनच आली. शिकलगार आणि रत्नांना पैलू पाडणारे कारागीर लाखेत कुरुंद या कठीण खनिजाची पूड कालवून चाके करत. कठीण कण वेचायचे, चाळायचे आणि चिकट पदार्थाने बांधायचे: माणसाने घडवलेल्या दगडाचे सगळे तत्त्व या चाकात आहे. कुरुंद हा शब्दही इथलाच. ‘कुरुविंद’ या जुन्या भारतीय नावावरूनच युरोपीय भाषांत ‘कोरंडम’ आले.

1891 साली अमेरिकेत एडवर्ड ॲचेसन यांनी विजेच्या भट्टीत माती आणि कोक तापवून एक नवे, अतिशय कठीण द्रव्य मिळवले. त्याला त्यांनी ‘कार्बोरंडम’ नाव दिले. आपला कुरुंद असा नव्या द्रव्याच्या नावात जाऊन बसला. पुढे खुद्द कुरुंदही, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड, भट्टीत तयार होऊ लागला. महाराष्ट्रात उरणजवळच्या मोरा इथे 1941 साली घर्षणचाके बनू लागली. आजच्या ग्राइंडवेल नॉर्टनची ती सुरुवात.

जपानमध्ये क्योतोजवळच्या खाणींतले पाणदगड, म्हणजे पाणी टाकून वापरायचे धारेचे दगड, पिढ्यान्‌पिढ्या नावाजलेले होते. खाणीतला चांगला दगड दुर्मिळ आणि महाग. शिवाय दोन दगड कधी सारखे नसतात. कारखान्यात भट्टीतल्या कठीण द्रव्यांचे कण आकारानुसार वेगळे करता येतात, म्हणून तिथे कृत्रिम पाणदगड रुजले. जपानी मानकाप्रमाणे 1000 क्रमांकाच्या दगडाचा कण साधारण 11.5 मायक्रॉनचा, 4000 चा 3 आणि 8000 चा जेमतेम 1.2 मायक्रॉनचा असतो.

दगड निवडताना हेच आकडे उपयोगी पडतात. 1000 वर धारेचा उतार बसवायचा, 4000 वर त्याचे ओरखडे पुसायचे, 8000 वर धार चकचकीत करायची. हवा तर शेवटी 12000. अमेरिकी आणि जपानी क्रमांक एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून शक्यतो सगळे दगड एकाच कंपनीचे घ्यावेत. वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकवून, धार पुढे ठेवून हात फिरवायचा. चामोट्यावर पाठ पुढे. दगड मधे खोलगट झाला की काचेवर पॉलिश पेपर पसरून, पाणी टाकून तो सपाट करायचा. तेल मात्र त्याला लावायचे नाही.

जिलेटच्या पात्याने घरातला वस्तरा मागे पडला. पुढे सलूनमध्येही प्रत्येक गिऱ्हाइकासाठी नवे अर्धे पाते आले आणि दगड धोकटीतून निघून गेला. आरोग्यासाठी ते योग्यच झाले. पण स्वतःच्या वस्तऱ्याने स्वतःची दाढी करणाऱ्याला आज जो दगड सहज मिळतो, तसा आजोबांच्या काळी नशिबानेच मिळत असे. तो जरूर घ्यावा, आणि घरात जुन्या धोकटीतला दगड असेल तर तोही टाकू नये. दोन्ही एकाच घराण्यातले आहेत.