कचऱ्याची गाडी नव्हती तेव्हा

आमच्या गावच्या ग्रामसभेत घरोघरचा कचरा गोळा करायचा विषय निघाला. आठवड्यातून दोनदा टेम्पो येणार, प्रत्येक घराने महिन्याला थोडे पैसे द्यायचे, एवढाच ठराव. पण पैसे म्हटल्यावर सभा तापली. मागच्या खुर्चीवरून एक आजोबा उठले आणि म्हणाले, "आमच्या आज्याच्या टायमार खंय होती कचऱ्याची गाडी? तेंचा काय अडला? मगे आमी कित्याक पैशे देवचे?" टाळ्या पडल्या. विषय पुढच्या सभेवर गेला.

टाळ्यांत मीही हसलो. पण घरी येताना प्रश्न डोक्यात राहिला. आजोबांच्या काळात गाडी नव्हती हे खरं. मग तेव्हा कचरा जायचा कुठे? म्हणून ही लांबलचक पोस्ट. वेळ काढून वाचा.

जुन्या कोकणी घरातला कचरा आठवून बघा. चुलीतली राख भांडी घासायला. नारळाचं सोडण घासणीला नाहीतर चुलीत. करवंटीची डवली. हिरांची वाढवण, चुडताची झापं. पातेरा भाजावळीला, शेण गायरीत. मासळीचं पाणी, डोकी, खवलं माडाच्या आळ्यात. जेवण केळीच्या पानावर, आणि उष्टं पान गुरांना. फाटलेलं लुगडं गोधडीत. बाटली, डबा फुटेपर्यंत वापरायचा. उरलंसुरलं ते उकिरड्यावर, आणि उकिरडा पावसाच्या तोंडावर शेतात.

यात दोन गोष्टी होत्या. एक, घरात येणारी जवळपास प्रत्येक वस्तू कुजणारी होती. दुसरी गोष्ट आपण विसरतो: हे सगळं आपोआप होत नव्हतं. राख वेगळी, शेण वेगळं, मासळीचं वेगळं, हे वर्गीकरण पहाटेपासून कोणीतरी करत होतं. ती आपली आजी होती. तिला कोणी पैसे दिले नाहीत, म्हणून आपल्याला वाटतं की ते फुकट होतं.

शहरांची गोष्ट वेगळी. वेंगुर्ल्यासारख्या बंदराच्या गावात एकोणिसाव्या शतकातच नगरपालिका आली. दाट वस्तीत प्रत्येकाला गायरी आणि शेत कुठलं असणार? तिथे केर आणि मैला उचलायचं काम जातीने ठरवून दिलेल्या माणसांवर टाकलं गेलं. डोक्यावरून मैला वाहून नेणाऱ्यालाच आपण अस्पृश्य म्हटलं. जुन्या स्वच्छतेच्या आठवणी काढताना हे पान झाकून ठेवता येणार नाही.

ते पान उघडणारा माणूस आपल्याच जिल्ह्यात काम करून गेला. अप्पासाहेब पटवर्धन, ज्यांना लोक कोकणचे गांधी म्हणतात. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात असताना त्यांनी मागणी केली की मला भंगीकाम करू द्या. तुरुंगाने नकार दिला, कारण ते काम त्यांच्या जातीचं नव्हतं. अप्पांनी अन्न कमी केलं, आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी त्या डिसेंबरात येरवड्यात गांधीजींनी उपोषण केलं. पुढे कणकवलीजवळ गोपुरी आश्रम उभा राहिला. तिथे अप्पांनी मेलेल्या गुरांच्या चामड्यावर काम केलं, आणि कोणालाही दुसऱ्याचा मैला डोक्यावर घ्यावा लागू नये म्हणून साधे, स्वस्त संडास तयार केले, ज्यातून सोनखत मिळायचं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. घाण करणाऱ्याने ती स्वतः हाताळावी, आणि हाताळलेली घाण वाया जाऊ देऊ नये.

त्याच सुमारास सरकारही खताकडे वळलं होतं. इंदूरला अल्बर्ट हॉवर्ड यांनी बसवलेली कंपोस्टची पद्धत १९३१ पर्यंत प्रसिद्ध झाली होती. १९४० च्या दशकात अन्नटंचाईमुळे शहरांच्या कचऱ्याचं खत करण्यावर भर दिला गेला. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत डम्पिंगच्या जागेला आजही 'कंपोस्ट डेपो' किंवा 'खत डेपो' म्हणतात. कागदावरचं ते नाव म्हणजे एक पुरावाच आहे. ती जागा फेकण्यासाठी नव्हती, खत करण्यासाठी होती.

मग बिघडलं कुठे? कुजणाऱ्यात न कुजणारं मिसळलं तिथे. ऐंशीच्या दशकात शाम्पूच्या पुड्या आल्या, मग गुटखा, दुधाच्या पिशव्या, कॅरीबॅगा. १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला, १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली. पर्यटक आले, चार पैसे आले, त्यांच्याबरोबर पाण्याच्या बाटल्याही आल्या. खताच्या ढिगात प्लास्टिक शिरलं की शेतकरी ते खत घेत नाही. खत उचललं गेलं नाही की ढीग वाढतो. मग त्याला आग लागते, किंवा लावली जाते. डेपोचं डम्पिंग असं झालं.

कायदाही हळूहळू जागा झाला. १९९४ ला सुरतेत प्लेग झाला. १९९६ ला अल्मित्रा पटेल यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, त्यातून २००० साली शहरांसाठी घनकचऱ्याचे नियम आले. २००५ च्या मुंबईच्या पुरानंतर राज्याने पन्नास मायक्रॉनची अट घातली, २०१८ ला प्लास्टिकबंदी आणली. २०१६ च्या नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असा कचरा घरातच वेगळा करायला सांगितला, जाळायला बंदी केली, आणि सेवेसाठी शुल्क घ्यायची मुभा दिली. पण ते नियमही मुख्यतः शहरांसाठीच होते. आपली साधी ग्रामपंचायत त्यात मागे राहिली.

याच काळात वेंगुर्ल्याने करून दाखवलं. २०१५ च्या सुमारास मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या वेळी नगरपरिषदेने घरातूनच वेगळा केलेला कचरा घ्यायला सुरुवात केली. ओल्याचं खत आणि बायोगॅस. सुका कचरा डेपोवर वीसहून जास्त प्रकारांत वेगळा करून विक्रीला. हलक्या प्लास्टिकचा भुगा डांबरी रस्त्यात. हे तंत्र मदुराईच्या प्रा. वासुदेवन यांचं. ज्या जागेवरून नाक दाबून जायचं, तिथे झाडं लागली, नाव पडलं 'स्वच्छ भारत पर्यटन स्थळ', आणि लोक तिकीट काढून कचऱ्याचा डेपो बघायला येऊ लागले. कोकरे नंतर माथेरान, कर्जतकडे गेले. अधिकारी बदलतात. टिकतं ते दोनच गोष्टींवर: घरात दोन डबे ठेवणाऱ्यांवर आणि डेपोवर हाताने निवडणाऱ्या कामगारांवर. यंत्र त्यानंतर येतं.

पुण्यात 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेबरोबर हेच काम करते. घरोघरी जाऊन कचरा घेतात आणि घराकडून महिन्याचं शुल्क घेतात. ते शुल्क म्हणजे उपकार नव्हे, मजुरी आहे.

आता परत आपल्या सभेकडे. आजोबांचा प्रश्न बरोबर होता, उत्तर मात्र अर्धंच होतं. गाडी नव्हती, कारण आजी होती. शहरात गाडी नव्हती तेव्हा कोणाच्या तरी डोक्यावर पाटी होती. कचरा कधीच फुकट गेला नाही, फक्त किंमत दुसऱ्याने भरली. आज ती समुद्र भरतोय. देवबागसारख्या पट्टीवर एका बाजूला कर्लीची खाडी, दुसऱ्या बाजूला दर्या. तिथे खड्डा तरी कुठे खणणार? रापण ओढणाऱ्याला विचारा, जाळ्यात मासळीबरोबर काय येतं. आणि मी दुसऱ्यांना काय सांगू? कितीतरी वर्षं मी स्वतः परसात प्लास्टिक जाळलंय, पोरं अंगणात खेळत असताना.

म्हणून पुढच्या सभेत मी हात वर करणार आहे, पण दोन अटी मांडून. पहिली, ओलं टेम्पोत द्यायचं नाही. आपल्याकडे परसू आहे, माड आहेत. भाजीचे देठ, मासळीची खवलं आजीने टाकली तिथेच टाकू. टेम्पोत फक्त सुकं जाईल, तेही धुतलेलं. दुधाची पिशवी विसळून वाळवायला अर्धा मिनिट लागतो. काच, सुया, बॅटरीचे सेल, डायपर वेगळे बांधून. असं केलं तर टेम्पोच्या फेऱ्या कमी होतील, खर्चही कमी. दुसरी अट, जमलेल्या पैशातून आधी निवडणाऱ्या बायांना हातमोजे, गमबूट आणि वेळेवर मजुरी. हिशेब दर महिन्याला पंचायतीच्या फळ्यावर.

आजोबा, तुम्ही ही पोस्ट वाचणार नाही हे मला माहीत आहे. तुमचा नातू वाचेल. त्याने तुम्हाला वाचून दाखवावी, आणि तुमच्या घरात राख, शेण, खवलं कोण वेगळं करायचं, ते तुम्ही सभेत सगळ्यांना सांगावं. पटलं तर सांगा, नाही पटलं तरी सांगा.