रंगवलेलं पोकळ विमान: ७८७ च्या जुळणीची गोष्ट

आजची गोष्ट एका तारखेपासून सुरू होते. ८ जुलै २००७.

अमेरिकेत तारीख लिहिताना महिना आधी लिहितात, त्यामुळे तिकडे ही तारीख होते ७/८/०७. सात-आठ-सात. बोइंगच्या नव्या विमानाचं नावच ७८७, मग ते जगाला दाखवायचं तर ह्याच दिवशी, हे ठरून गेलेलं. आपल्यासारखी तारीख लिहायची पद्धत असती तर बिचाऱ्यांना ७ ऑगस्टपर्यंत एक महिना जास्त मिळाला असता. पण त्या एका महिन्यानेही काही फरक पडला नसता. का, ते पुढे कळेलच.

सिएटलच्या उत्तरेला एव्हरेट नावाचं गाव आहे. तिथे बोइंगचा तो अवाढव्य कारखाना आहे, घनफळाच्या हिशोबात जगातली सगळ्यात मोठी इमारत. त्या दिवशी तिथे सुमारे १५ हजार पाहुणे जमले होते. टीव्हीवरचे प्रसिद्ध पत्रकार टॉम ब्रोकॉ सूत्रसंचालन करत होते. भले मोठे दरवाजे सरकले आणि निळ्या-पांढऱ्या रंगातलं चकचकीत विमान लोकांसमोर आलं. तोपर्यंत ह्या विमानाच्या ६७७ ऑर्डर्स नोंदवल्या गेल्या होत्या. एकही विमान उडालेलं नसताना!

टाळ्या वाजल्या, फोटो निघाले. फक्त एक गोष्ट पाहुण्यांना दिसत नव्हती. ते विमान आतून जवळजवळ रिकामं होतं. वायरिंग नाही, बहुतेक यंत्रणा नाहीत, कॉकपिटमध्येही विशेष काही नाही. सांगाडा धरून ठेवायला बऱ्याच ठिकाणी तात्पुरते फास्टनर लावलेले, त्यातले काही तर चक्क हार्डवेअरच्या दुकानातून आणलेले. आणि त्या सगळ्यावर सुंदर रंग.

त्या वेळी सांगितलं गेलं होतं की दोनेक महिन्यांत हे विमान उडेल आणि मे २००८ मध्ये पहिल्या ग्राहकाला विमान मिळेल. प्रत्यक्षात पहिलं उड्डाण झालं १५ डिसेंबर २००९ ला, आणि पहिलं विमान जपानच्या ऑल निप्पॉन एअरवेजला मिळालं सप्टेंबर २०११ मध्ये. म्हणजे तीन वर्षांहून जास्त उशीर.

मी सॉफ्टवेअरवाला आहे, त्यामुळे ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा हसू आलं आणि थोडी लाजही वाटली. नोकरीच्या पहिल्या वर्षी मीसुद्धा क्लायंटला असा एक डेमो दिलाय. स्क्रीन झकास, पण अर्ध्या बटणांच्या मागे काहीच नाही आणि आकडे हाताने टाकलेले. डेमो छान झाला. पुढचे चार महिने छान गेले नाहीत. पण मी ज्यावर काम करत होतो त्यात बसून कोणी समुद्र ओलांडणार नव्हतं.

तीन दिवसांत विमान

हे असं झालं कसं? बोइंगला विमान बनवायची अक्कल नव्हती, असं तर नाही ना म्हणता येत. १९६० च्या दशकात ह्याच एव्हरेटमध्ये ७४७ बनवणारी हीच ती कंपनी.

गडबड योजनेत होती. ७८७ ची घोषणा झाली एप्रिल २००४ मध्ये. तंत्रज्ञान खरोखर नवीन होतं. वजनाच्या हिशोबात निम्मं विमान कंपोझिट, म्हणजे कार्बन फायबरचं. आधीच्या विमानांचं धड ॲल्युमिनियमचे पत्रे एकमेकांना रिव्हेट मारून जोडत. इथे फिरत्या साच्यावर कार्बन फायबरची पट्टी गुंडाळायची, ती मोठ्या भट्टीत भाजायची, की धडाचा एक अख्खा पिंपासारखा भाग तयार. बोइंगच्या म्हणण्याप्रमाणे अशा एका भागामागे १,५०० पत्रे आणि ४० ते ५० हजार फास्टनर वाचणार होते. हा फास्टनरचा आकडा लक्षात ठेवा.

पण बोइंगने बनवण्याची पद्धतही त्याच वेळी बदलली. विमानाचं साधारण ७० टक्के काम बाहेर दिलं, आणि तेही नुसतं 'आमच्या ड्रॉइंगप्रमाणे पार्ट बनवा' असं नाही. भागीदारांनी स्वतः डिझाइन करायचं, स्वतःचे पैसे गुंतवायचे, आपापल्या पुरवठादारांना स्वतः सांभाळायचं आणि पूर्ण तयार भाग पाठवायचा. पंख जपानमध्ये मित्सुबिशीकडे. धडाचे भाग जपानमध्ये कावासाकीकडे, इटलीत अलेनियाकडे आणि साउथ कॅरोलायनात व्हॉटकडे. नाकाचा भाग कॅन्ससमध्ये स्पिरिटकडे. हे सगळं वाहून आणायला चार जुनी ७४७ विमानं फुगवून 'ड्रीमलिफ्टर' नावाची मालवाहू विमानं बनवली.

एव्हरेटमध्ये फक्त हे मोठे तुकडे जोडायचे. लक्ष्य काय होतं? अंतिम जुळणी तीन दिवसांत!

कागदावर हे फार देखणं दिसतं. प्रत्येक टीम आपापलं मॉड्यूल पूर्ण करून देणार आणि शेवटी सगळं एकत्र केलं की झालं. तुमच्यापैकी जे कोड लिहितात त्यांना 'शेवटी एकत्र करू' हे तीन शब्द ऐकून घाम फुटला असेल.

घरातल्याच माणसाने सांगितलं होतं

इतिहास वाचताना मला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो माहितीये? सांगणारा माणूस बहुतेक वेळा तिथेच हजर असतो.

बोइंगमध्ये जॉन हार्ट-स्मिथ नावाचे एक ज्येष्ठ इंजिनिअर होते. ते मूळचे डग्लसचे, म्हणजे १९९७ मध्ये बोइंगमध्ये विलीन झालेल्या मॅकडॉनेल डग्लसचे. फेब्रुवारी २००१ मध्ये, ७८७ च्या घोषणेच्या तीन वर्षं आधी, त्यांनी कंपनीच्याच अंतर्गत परिषदेत एक निबंध मांडला. मुद्दा साधा होता. काम बाहेर दिलं की काम कमी होत नाही, त्यातला नफा बाहेर जातो. जोखीम आणि दुरुस्तीचा खर्च मात्र मुख्य कंपनीकडेच राहतो. पुरवठादाराच्या कारखान्यात आपली माणसं बसवून मदत केली नाही, तर अख्ख्या विमानाची कुवत सगळ्यात कच्च्या पुरवठादाराएवढीच राहील. डग्लसच्या डीसी-१० विमानाच्या वेळी हे त्यांनी पाहिलेलं होतं.

बोइंगने स्वतःसुद्धा एक ठेच खाल्ली होती. १९९७ मध्ये मागणी अचानक वाढली म्हणून उत्पादन झपाट्याने वाढवायला गेले. पार्ट वेळेवर येईनात, अर्धवट विमानं पुढे सरकवली गेली, आणि शेवटी ऑक्टोबरमध्ये ७३७ आणि ७४७ च्या लाइन्स साधारण महिनाभर बंद ठेवाव्या लागल्या. बरोबर दहा वर्षांनी पुन्हा तोच खड्डा, या वेळी आणखी खोल.

पार्ट आले, पण…

मे २००७ मध्ये पहिल्या विमानाची जुळणी सुरू झाली आणि कारागिरांच्या लक्षात आलं की आलेले भाग पूर्ण नाहीत. वायरिंग, नळ्या, ब्रॅकेट बसवून यायला हवे होते, त्यातले हजारो पार्ट गायब. काय झालंय आणि काय राहिलंय ह्याची कागदपत्रंही धड नाहीत. नाकाचा भाग आणि त्यामागचा धडाचा भाग समोरासमोर आणले तर साधारण ०.३ इंचाची फट! पाऊण सेंटिमीटर. आतले जोड सोडून पुन्हा बसवले, तेव्हा ती मिटली.

विमानाच्या धंद्यात ह्याला 'ट्रॅव्हल्ड वर्क' म्हणतात. एका टप्प्यावर राहिलेलं काम विमानाबरोबर प्रवास करत पुढच्या टप्प्यावर येतं. ऐकायला निरुपद्रवी वाटतं. पण जे काम उघड्या भागात, नीट उजेडात, योग्य हत्यारांनी तासाभरात झालं असतं, तेच काम बंद धडात अंग चोरून करायला कितीतरी पट वेळ लागतो. शिवाय त्यासाठी आधी कोणीतरी बसवलेलं काढायचं आणि नंतर परत बसवायचं.

मग हे आधी कळलं कसं नाही? पुरवठादारांची माहिती एकत्र दिसावी म्हणून एक्सोस्टार नावाची ऑनलाइन प्रणाली होती. प्रत्येकाने आपली प्रगती त्यात भरायची होती. पण खालच्या फळीतले काही पुरवठादार खरी माहिती वेळेवर भरतच नव्हते. वाईट बातमी स्वतःहून कोण टाइप करणार? त्यामुळे डॅशबोर्ड एक सांगत होता आणि कारखान्याची फरशी दुसरंच.

आणि आता तो फास्टनरचा आकडा आठवा. ज्या विमानाने हजारो फास्टनर वाचवायचे होते, ते फास्टनरवरच अडलं. २००१ च्या ९/११ हल्ल्यानंतर विमानांची मागणी पडली होती, तेव्हा फास्टनर बनवणाऱ्या कंपन्यांनी माणसं आणि क्षमता कमी केली. मागणी परत आली, पण क्षमता एका रात्रीत परत येत नाही. म्हणून ते तात्पुरते फास्टनर. ते एकेक करून काढायचे, भोक तपासायचं आणि खरा बसवायचा. त्यावर कडी म्हणजे नोव्हेंबर २००८ मध्ये कळलं की चाचणीच्या विमानांवरचे सुमारे ३ टक्के फास्टनर चुकीचे बसलेत. त्याच वर्षी कामगारांचा जवळपास दोन महिन्यांचा संपही झाला, आणि काम बाहेर देणं हा त्यातला एक कळीचा मुद्दा होता. जून २००९ मध्ये उड्डाण काही दिवसांवर आलेलं असताना पंख आणि धडाच्या जोडात कमकुवतपणा सापडला. पुन्हा थांबा.

हात कसा बसतो

आता थोडं गणित. १९३६ मध्ये थिओडोर राइट नावाच्या विमान अभियंत्याने एक नियम मांडला. एकूण बनवलेल्या विमानांची संख्या दुप्पट झाली की दर विमानामागची मेहनत साधारण २० टक्क्यांनी कमी होते. पहिल्याला १०० तास लागले तर दुसऱ्याला ८०, चौथ्याला ६४. आपल्या भाषेत, हात बसतो. उत्पादन वाढवण्याचं सगळं अर्थकारण ह्याच नियमावर उभं असतं. सुरुवातीची विमानं तोट्यात बनवायची आणि पुढच्यांवर भरून काढायचं.

पण हात कधी बसतो? तेच काम, त्याच क्रमाने, परत परत केलं तर. ७८७ च्या कारागिरांना प्रत्येक विमानात वेगळंच काहीतरी राहिलेलं मिळत होतं. पन्नास पोळ्या लाटल्या की हात बसतो. पण दर वेळी कणीक वेगळी, पोळपाट वेगळा आणि मध्येच मागची पोळी उसवून परत लाटायची असेल, तर कसला हात बसणार?

त्यात लाइन थांबवलीही नाही. डिझाइन बदलत होतं आणि नवी विमानं बाहेर पडत होती. एव्हरेटच्या मैदानात अशी डझनावारी विमानं उभी राहिली, ज्यांना कारखान्यातून बाहेर काढल्यावर परत उघडायचं होतं. क्रमांक दहाच्या पुढच्या विमानांना तर 'टेरिबल टीन्स' असं टोपणनाव पडलं. जड आणि डागडुजी केलेली, वर्षानुवर्षं गिऱ्हाईक न मिळालेली.

बोइंगने शेवटी काय केलं? जे बाहेर दिलं होतं ते परत विकत घेतलं. साउथ कॅरोलायनातला व्हॉटचा कारखाना २००९ मध्ये सुमारे ५८ कोटी डॉलरला घेतला आणि तिथेच दुसरी जुळणी लाइन टाकली. त्या लाइनवरून ग्राहकाला मिळालेलं पहिलं विमान आपल्या एअर इंडियाचं होतं, ऑक्टोबर २०१२ मध्ये. उत्पादनाचा वेग २०१३ च्या अखेरीस महिन्याला १० आणि २०१९ मध्ये १४ पर्यंत गेला. म्हणजे शेवटी जमलं. पण तोवर पुढच्या विमानांमधून वसूल करायचा म्हणून वहीत लिहून ठेवलेला खर्च २८ अब्ज डॉलरच्या वर गेला होता. आणि २०११ मध्ये बोइंगच्या प्रवासी विमान विभागाचे प्रमुख जिम अल्बॉ ह्यांनी जाहीरपणे कबूल केलं, की महत्त्वाचं तंत्रज्ञान घराजवळ ठेवलं असतं तर जेवढा खर्च झाला असता, त्यापेक्षा जास्त निस्तरण्यात गेला. हार्ट-स्मिथ ह्यांचं म्हणणं त्यांनी तेव्हा मान्य केलं. दहा वर्षांनी.

फट अजून आहेच

बाहेर काम देणं म्हणजे वाईट, असा अर्थ काढू नका हं. ७८७-९ ह्या प्रकारासाठी लागणारे फ्लोअर बीम, म्हणजे तुमच्या पायाखालच्या जमिनीला आधार देणाऱ्या कंपोझिटच्या तुळया, नागपूरच्या मिहानमध्ये टाटांच्या कारखान्यात बनल्या आहेत. काम लांब होऊ शकतं. लक्ष लांब राहून चालत नाही.

कारण गोष्ट २०११ ला संपली नाही. २०२० च्या सुमारास धडाच्या भागांच्या जोडांमध्ये बारीक फटी सापडल्या. मर्यादा होती इंचाच्या पाच हजारांश, साधारण केसाच्या जाडीएवढी, आणि काही ठिकाणी ती ओलांडली गेली होती. लगेच धोका नव्हता, पण अशा विमानाने कित्येक वर्षं उडायचं असतं. मे २०२१ ते ऑगस्ट २०२२ ह्या काळात नव्या ७८७ ची डिलिव्हरी बंद होती, आणि १०० हून जास्त तयार विमानं उभी राहिली होती.

आणि त्या ७/८/०७ च्या पोकळ विमानाचं काय झालं? ते परत उघडलं, खरोखर बनवलं, आणि डिसेंबर २००९ मध्ये तेच पहिल्यांदा उडालं. पण इतकी तोडफोड-जोडणी झाल्यामुळे ते आणि त्याच्या मागची दोन विमानं विकण्याजोगी राहिली नाहीत. आज ते जपानमध्ये नागोयाच्या विमानतळावर प्रदर्शनात ठेवलंय, जिथल्या कारखान्यांत त्याचे पंख बनले तिथेच. लहान मुलं त्याच्याखाली खेळतात.

कधी तिकडे गेलात तर त्याचे जोड जवळून बघा. त्या तीन दिवसांच्या जुळणीला लागलेली अडीच वर्षं तिथेच आहेत. आणि सोमवारी स्टँडअपमध्ये कोणी 'झालंय, फक्त इंटिग्रेशन बाकी आहे' म्हणालं, तर त्याला हा भाग पाठवा. मला कोणी पाठवला असता तर ते चार महिने वाचले असते.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!