बारमाही कांदा मुळात कुणाचा?

आपल्या अहमदपूरकडं कांदा म्हणजे बी विकत आणा, रोप टाका, लावा, काढा. ठेवलेल्या गड्ड्याला डेंगळे येऊन बी धरलं की त्याचा खेळ संपला. दरसाल बियाण्याचा खर्च ठरलेला.

चीनमध्ये मात्र 2000 वर्षांहून जुना एक कांदा आहे. त्याला गड्डा धरतच नाही म्हणा ना. बुडातून फुटवे येत राहतात, पात कापत राहायची. हिवाळ्यात पात जळते, पण मुळं जित्ती राहतात. सायबेरियाची थंडीसुद्धा तो काढतो. लिनियसनं 1753 साली त्याला 'फिस्टुलोझम' म्हटलं, म्हणजे नळीसारखा पोकळ. इंग्रज 'वेल्श कांदा' म्हणतात, पण वेल्सशी काडीचा संबंध नाही! जुन्या जर्मनमध्ये तो शब्द परक्यासाठी होता.

म्हणजे हा कांदा बर्फ सोसणारा. आपल्याला झळ मे महिन्याची. परसात न्हाणीच्या पाण्यावर, शेवग्याच्या सावलीत दोन-चार फुटवे लावून बघायला हरकत नाही, पातीपुरते.

पण बियाण्याचा खर्च वाचवायचा तर तामिळनाडूकडं बघा. सांबारात घालतात तो छोटा कांदा आपल्याच कांद्याच्या कुळातला, उन्हाला सरावलेला. एक गड्डी लावली की झुपका होतो; त्यातल्याच चार ठेवायच्या पुढच्या लावणीला.