स्वर ओळखणारा कान

ऐकलेला स्वर ओळखता येणे ही उपजत देणगी, असे आपण सहज म्हणून जातो. नाशिकपर्यंत येऊन पोहोचणारा संगीत-शिक्षणाचा एक इतिहास मात्र वेगळे सांगतो.

पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांचा जन्म १८७२ सालचा, कुरुंदवाडचा. लहानपणी दारूकामाच्या अपघातात त्यांची दृष्टी अधू झाली. मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे ते गाणे शिकले. त्या काळी ही विद्या गुरूजवळ राहून, वर्षानुवर्षे ऐकून आणि घोटून मिळे. पंडितजींनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, १९०८ मध्ये मुंबईला. तेथे वर्ग, अभ्यासक्रम, परीक्षा, स्वरलेखन आणि शिक्षक घडवणारा उपदेशक वर्गही होता.

यातले स्वरलेखन महत्त्वाचे. अनुकरणाने गाता येते. पण ऐकलेले लिहायचे तर स्वर आधी ओळखावा लागतो. ओळखायचे असते ते स्वरांमधले अंतर. षड्जाची कंपने सेकंदाला २४० धरली, तर शुद्ध गंधार ३००, शुद्ध मध्यम ३२० आणि पंचम ३६० कंपनांचा येतो. षड्ज २०० चा घेतला की पंचम ३०० चा होतो. ३:२ हे गुणोत्तर मात्र तेच राहते. कान पकडतो ते हे गुणोत्तर. तानपुरा त्याला मदत करतो. षड्जाच्या तारेतच पाचपट कंपनांचा उपस्वर असतो, म्हणून लक्ष देऊन ऐकले की न छेडलेला गंधार ऐकू येतो. समान अंतरांवर जुळवलेल्या पेटीचा गंधार याच षड्जाला सुमारे ३०२.४ चा, म्हणजे किंचित चढा असतो. केवळ पेटीवर घडलेल्या कानाला हा फरक सहसा जाणवत नाही.

पुढे कर्जापायी मुंबईची इमारत लिलावात गेली. उत्तरायुष्यात पंडितजींचे वास्तव्य नाशिकला, रामनाम आधार आश्रमात होते. नाशिकलाच १९२१ मध्ये त्यांचे चिरंजीव दत्तात्रेय जन्मले. १९३१ मध्ये पंडितजी वारले, तेव्हा मुलगा अवघा दहा वर्षांचा होता. जुन्या रीतीत वडिलांबरोबर विद्याही गेली असती. पण पंडितजींनीच तयार केलेल्या विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास यांनी त्याला शिकवले आणि तो द. वि. पलुसकर म्हणून नावाजला.

आपल्या वर्गातही हे करून पाहता येईल. षड्ज धरून ठेवावा, मध्यम किंवा पंचम गावा, मुलांना ओळखायला सांगावे. मग षड्ज बदलावा. काही दिवसांतच ‘कान नसलेली’ मुले किती कमी उरतात, ते पाहावे.