रात्रीचे रक्त, दिवसाची पट्टी

मंडळी, हत्तीपाय म्हणजे काय, हे भंडारा जिल्ह्यात कुणाला समजावून सांगायला नको. पण या रोगाच्या तपासणीसाठी आरोग्य कर्मचारी रात्रीच का येत, याचा विचार आपण कधी केला आहे का?

१८७२ साली कलकत्त्यात टिमथी लुईस या डॉक्टरांना माणसाच्या रक्तात सुतासारखे बारीक जंतू दिसले. १८७७ साली चीनमध्ये पॅट्रिक मॅन्सन यांनी तेच जंतू डासाच्या शरीरात वाढताना पाहिले. पुढे उमगले, की हे जंतू दिवसा फुप्फुसांत दडून बसतात आणि रात्री, डास चावण्याच्या वेळी, कातडीजवळच्या रक्तात येतात. म्हणून १९५५ साली राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हाही काचपट्टीवर रक्त घ्यायचे ते रात्रीच. झोपेतून उठून बोट पुढे करायचे म्हणजे लोक कुरकुरणारच!

यातून वाट काढली ती प्रतिपिंडांनी. शरीरात परके काही शिरले, की नेमके त्यालाच जाऊन चिकटणारा पदार्थ शरीर तयार करते, तो प्रतिपिंड. कुलूप तशी किल्ली म्हणा ना. १९७५ साली केंब्रिजमध्ये कोलर आणि मिलस्टीन यांनी एकाच जातीचे प्रतिपिंड हवे तितके बनवण्याची युक्ती शोधली. १९८४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. प्रथिनांवरचे अगदी बारीक रासायनिक बदलसुद्धा आज प्रयोगशाळांत प्रतिपिंडांनी ओळखता येतात.

हत्तीरोगाचा मोठा कृमी रसवाहिन्यांत वर्षानुवर्षे राहतो आणि त्याच्या अंगचा पदार्थ रक्तात मिसळत असतो, रात्री तसा दिवसाही. १९९७ च्या सुमारास तो पदार्थ पकडणारे प्रतिपिंड लावलेली पट्टी तयार झाली. बोटाचे थोडे रक्त टाकावे, दहा मिनिटे थांबावे; कृमीचा पदार्थ असेल तर रंगीत रेघ उमटते. आपल्या विदर्भातही, सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत, डॉ. बी. सी. हरिनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हत्तीरोगाच्या रक्तचाचण्यांवर अनेक वर्षे काम केले.

गुरुजी, आता तुमच्या शाळेकडे वळू. गावोगाव सर्वांना गोळ्या देण्याचे काम थांबवावे की नाही, हे ठरवताना सहा-सात वर्षांच्या मुलांचे रक्त अशा पट्टीवर तपासतात. मुलेच का? म्हाताऱ्याच्या पायाची सूज जुन्या काळची असू शकते. पहिली-दुसरीतल्या मुलाच्या रक्तात कृमीची खूण सापडली, तर मात्र डासांनी रोग अलीकडेच पसरवला, असा तिचा अर्थ होतो. अशी मुले ठराविक संख्येपेक्षा जास्त निघाली, तर गोळ्या चालूच ठेवाव्या लागतात.

तेव्हा पथक शाळेत आले तर मुलांना घाबरू देऊ नका, पालकांना कारण सांगा. आणि मंडळी, गोळ्या वाटायला कुणी दारी आले, तर त्या पदरात बांधून ठेवू नका, त्यांच्यासमोरच गिळा. गटाराच्या घाण पाण्यात वाढणारा तो डास श्रीमंत-गरीब पाहत नाही. सुजलेला पाय पुन्हा पहिल्यासारखा होणे कठीण, पण मुलांचे पाय वाचवणे आपल्या हाती आहे.